दोन हजार एकवाल्या सिस्टर

नवं सहस्रक दोन हजार साली सुरू होतं की दोन हजार एक साली, हा वाद त्या काळात गावोगाव चालला होता. भिवंडीत तो निघाला की लोक कामतघरच्या रस्त्यावरच्या एका खाजगी प्रसूतिगृहाकडे बोट दाखवत. तिथल्या हेड सिस्टर सुमन राऊत यांचं मत दोन हजार एकच्या बाजूचं होतं आणि ते सगळ्या शहराला माहीत होतं. रिक्षावाले, पॉवरलूमचे कामगार, औषधांच्या दुकानातली पोरं त्यांना ‘दोन हजार एकवाल्या सिस्टर’ म्हणत. त्यांना ओळखणाऱ्यांना याची गंमत वाटायची, कारण तारीख-वार या गोष्टींशी बाईंचं कधीच पटलं नव्हतं. त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान तसंच लटकत असायचं. वॉर्डातलं घड्याळ पुढे होतं आणि ते मागे करायला त्यांना वेळ मिळाला नव्हता.

सिस्टर मूळच्या पालघरकडच्या. वय पंचावन्नच्या आसपास, बांधा ठेंगणा, केस घट्ट बांधलेले. हात धुतले की त्या टॉवेलला पुसत नसत. दोन्ही हात कोपरापासून वर धरून वाळवत, आणि त्याच अवस्थेत समोरच्याशी बोलत. नवख्या माणसाला वाटे, बाई शरण आल्या आहेत. प्रत्यक्षात त्या वेळी त्या समोरच्याची खरडपट्टी काढत असत. राहायला कामतघरातच, एका चाळीत, दोन्ही बाजूंना लूम. त्या खडखडाटात त्यांना दुपारची झोप उत्तम लागे. शुक्रवारी लूम बंद असत, त्या दिवशी ती लागत नसे आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याशी जपून बोलावं, असा प्रसूतिगृहातला अलिखित नियम होता.

त्यांची काम करण्याची एक पद्धत होती. बाळंतपणाची तारीख काढायला शेवटच्या पाळीची तारीख लागते. डॉक्टर तारीख विचारत आणि बायका गप्प राहत, किंवा सोबत आलेली सासू उत्तर देई. सिस्टर तारीख विचारतच नसत. वजन करायचं आहे म्हणून त्या बाईला एकटीला आत नेत आणि गप्पा मारत. गावात तेव्हा काय चाललं होतं? भाताची लावणी झाली होती की व्हायची होती? गौरी बसल्या होत्या का? नणंदेचा साखरपुडा त्याआधी की नंतर? मुसलमान घरातल्या बाईला रोजे किती ठेवता आले, किती सुटले, हे विचारत. पाळीमुळे ज्या रोज्यांना सुटी मिळाली ते दिवस बायकांना पाठ असतात, कारण ते नंतर भरून काढायचे असतात. उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकराच्या बायकोला विचारत, “मुलुक से कब आयी? आने के बाद कितनी बार हुआ?” अशा चार-पाच प्रश्नांत सिस्टरना आठवडा सापडे. त्या चुकतही. एकदा त्यांनी महिनाभर अवकाश आहे म्हणून घरी पाठवलेली बाई रिक्षातून परत आली तेव्हा बाळ तिच्या मांडीवर होतं. ही गोष्ट सिस्टर स्वतःच सांगत आणि हसत.

“घाई पोराला नसते,” असं त्या म्हणत, “आजोबांना असते.”

त्यांची कीर्ती झाली ती अशाच एका आजोबांमुळे.

दोन हजार साल तोंडावर आलं होतं. आमच्या दैनिकाने ठाणे जिल्ह्यातल्या ‘सहस्रकातल्या पहिल्या बाळा’चा फोटो पहिल्या पानावर छापायचं जाहीर केलं होतं. बाळाच्या कुटुंबाचा सत्कारही होणार होता. कुठल्या प्रसूतिगृहात कोण आहे याची माहिती घेत मी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भिवंडीत फिरत होतो. एका दुपारी राऊत सिस्टरांच्या खोलीत बसलो असताना जवळच्या वळ गावचे काशिनाथशेठ पाटील आत आले. मागोमाग त्यांची बायको जनाबाई आणि सर्वांत शेवटी सून सुनंदा. सुनंदा विशीतली, पहिलटकरीण. मुलगा बाहेर मोटरसायकलवर बसून राहिला.

काशिनाथशेठ आधी भातशेती करत. नंतर वळमध्ये गोदामं उभी राहू लागली आणि त्यांच्या शेताच्या जागी तीन गोदामं आली. पैसा आला, गाडी आली. आता त्यांना पेपरात फोटो हवा होता.

“बाई, मना एक तारीख पायजे,” ते बसता बसता म्हणाले. “एक जानेवारी, सकाळीच. शिझर करा, काय करायचं ते करा. डॉक्टर बोललेत, बघू.”

प्रसूतिगृहाचे डॉक्टर लेले खरंच ‘बघू’ म्हणाले होते. सुनंदाची सोनोग्राफी बरीच उशिरा झाली होती आणि इतक्या उशिरा केलेल्या सोनोग्राफीत दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकतात, हे त्यांनी सांगितलं होतं. बाकी हिशेब जनाबाईंचा. तो त्यांनी सिस्टरांपुढे बोटांवर मांडला.

“लगीन मे महिन्यान झायलं. लगेच दिवस गेले. मे एक, जून दोन...” करत त्या जानेवारीपर्यंत आल्या. “जानेवारी लागला का नऊ. पुरं झायलं. मंग काय हरकत हाय?”

सिस्टर सुनंदाकडे बघत होत्या. सुनंदा जमिनीकडे बघत होती.

“वजन करू या,” सिस्टर म्हणाल्या आणि तिला आत घेऊन गेल्या.

आत काय बोलणं झालं ते सिस्टरनी मला नंतर सांगितलं. त्या वर्षी अधिक महिना आला होता, आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लग्न झाल्यावर पहिल्या धोंड्याला जावयाला सासरवाडीचं जेवणाचं बोलावणं असतं, वाण असतं. मेच्या सुरुवातीला लग्न आणि महिन्याच्या मध्याला धोंडा लागलेला, म्हणून सुनंदा आणि तिचा नवरा तिच्या माहेरी गेले होते. सिस्टरनी सहज विचारलं, “काय काय केलं होतं गं धोंड्याला?” सुनंदा म्हणाली, “मला काय माहीत? सगळी पंगत बसली तेव्हा मी बाहेरची होते. पडवीत बसून बघत होते.” सांगताना तिला रडू आलं. नवऱ्याला पहिलं वाण दिलं गेलं ते तिला लांबूनच बघावं लागलं होतं.

म्हणजे लग्नानंतर पाळी आली होती. दिवस गेले ते त्यानंतर. शिवाय जनाबाईंनी मोजताना सुरू झालेला महिनाही धरला होता आणि न संपलेला महिनाही धरला होता. दोन्ही टोकं मोजली होती. नऊ महिने वाटत होते तिथे प्रत्यक्षात आठही भरले नव्हते. “पोर मोठं दिसतंय,” सिस्टर नंतर मला म्हणाल्या, “पण फुप्फुसं कच्ची. आत्ता बाहेर काढलं तर रडायलाही ताकद नसेल. आणि इथे काचेची पेटी नाही. ठाण्याला पोचेपर्यंत काय होईल, ते मी सांगायला नको.”

हे सगळं सरळ बाहेर येऊन सांगता आलं असतं. सिस्टरनी ते सांगितलं नाही, आणि का नाही ते समजायला जनाबाईंकडे एकदा बघणं पुरेसं होतं. लग्नाच्याच महिन्यात सून राहिली, हे त्यांनी वळ आणि शेजारचं पूर्णा अशा दोन्ही गावांत सांगून ठेवलं होतं. तो त्यांच्या घराचा मान होता. तुमचं मोजणं चुकलं, असं पेपरवाल्यासमोर कोणी म्हणालं असतं तर त्या तडक उठल्या असत्या, आणि त्याच रस्त्यावर पुढे असं दुसरं प्रसूतिगृह होतं जिथे ‘बघू’ म्हणत नसत. तिथे लगेच टेबल मिळालं असतं.

सिस्टर हात धुऊन बाहेर आल्या. दोन्ही हात वर धरून उभ्या राहिल्या.

“शेठ, तुमचा महिना बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “साल चुकलंय.”

काशिनाथशेठना काही कळलं नाही. मलाही नाही.

“नवीन सहस्रक एक तारखेला लागत नाही. अजून वर्ष आहे.”

“आवो, पेपरान आलंय!”

“पेपरात काय, काहीही येतं. मला सांगा, इसवी सनाचं पहिलं वर्ष कुठलं? एक. शून्य साल नव्हतंच. एक साल संपलं तेव्हा एक वर्ष भरलं. शंभरावं साल संपलं तेव्हा शंभर भरली. मग दोन हजार वर्षं कधी भरणार?”

शेठ ओठ हलवून मोजू लागले. “दोन हजार साल सरल तवा.”

“आणि आता काय होतंय?”

“लागतंय.”

“लागतंय. भरलं कुठे?”

“म्हंजे एक वर्स कच्चं?”

“पूर्ण कच्चं.”

शेठ माझ्याकडे वळले. “काय वो पेपरवाले, बाई बोलतान ते खरं हाय?”

आमच्याच दैनिकात चार दिवसांपूर्वी एका कोपऱ्यात तशी चौकट आली होती. खगोलशास्त्राचे लोक दोन हजार एक मानतात, असं तिच्यात लिहिलं होतं. मी म्हटलं, हिशेबाने बाई म्हणतात ते बरोबर आहे. सिस्टरनी माझ्याकडे बघितलंही नाही.

“मंग खरं सहस्रक पुढचे वर्षी,” शेठ म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. “आनि मी पुढचे वर्षी दुसरं प्वार कुठनं आनू?”

“दुसरं कशाला? हेच. शेठ, नवीन जन्मलेल्या पोराचा फोटो बघितलाय का कधी? सगळी सारखीच दिसतात, डोळे मिटलेली, लाल. त्यात तुमचं कोण ओळखणार? तेच पोर पुढच्या एक तारखेला दात आलेलं, हसणारं, स्वतःच्या पायावर उभं. सहस्रकात जन्मलेली पोरं पुष्कळ होतील. सहस्रकात चालत गेलेलं एकच.”

शेठ खुर्चीत पुढे सरकले.

“चालंल?” शेठनी विचारलं.

“दिवस भरून झालं तर चालेल. घाईने काढलं तर मी जबाबदार नाही.”

“फोटू कोन काढील?”

“हे काढतील,” सिस्टर माझ्याकडे न बघताच म्हणाल्या.

जनाबाईंचा मान शाबूत राहिला होता, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती. सगळे उठले. जाताना सुनंदाने मागे वळून बघितलं. त्या दिवसातली तिची ती पहिलीच स्वतःहून केलेली हालचाल असावी.

गोष्ट तिथे संपली असती, पण काशिनाथशेठ गप्प बसणारे नव्हते. आपण फसलो नाही, उलट आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतं, हे त्यांनी भिवंडीभर सांगितलं. एक जानेवारीला सगळीकडे फटाके वाजले, पहिल्या पानावर दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या बाळाचा फोटो आला आणि शेठ वळच्या नाक्यावर उभे राहून म्हणत होते, “कच्चं हाय सगळं. सिस्टरांना विचारा.” लोक सिस्टरना विचारू लागले.

प्रसूतिगृहासमोर इस्माईलभाईंची लूमची शेड होती. इस्माईलभाई कोकणी मुसलमान, तीन पिढ्या भिवंडीत, सिस्टरांचे जुने शेजारी. रोज दुपारी ते प्रसूतिगृहाच्या ओट्यावर येऊन बसत. तेव्हा रमजान चालू होता, त्यामुळे चहा नव्हता, नुसता वाद.

“सिस्टर, तुम्ही दोन हजारवाले आणि दोन हजार एकवाले भांडताय कशाला?” ते म्हणाले. “आमचं चौदाशे वीस चालू आहे. आमच्या हिशेबाने तुमचं सहस्रक यायला अजून पाचशे ऐंशी वर्षं आहेत.”

“मग तोपर्यंत बसा उपाशी,” सिस्टर म्हणाल्या.

शेडमधला एक विणकर रोज जाता-येता ओरडायचा, “सिस्टर, पुरानी सदी मुबारक!” एका रिक्षावाल्याने भाड्यावरून वाद घातला. सिस्टर म्हणाल्या, नेहमीचंच देणार. तो म्हणाला, “बरोबर आहे, तुमचं अजून जुनंच शतक चालू आहे.” सिस्टरनी नेहमीचंच दिलं.

जानेवारी संपला. खरी पंचाईत आता होती. जनाबाईंच्या हिशेबाने नऊ महिने पुरे होऊन गेले होते आणि पोराचा पत्ता नव्हता. फेब्रुवारीत त्या सुनंदाला घेऊन दर तिसऱ्या दिवशी येऊ लागल्या. “बाई, दहावा चाललाय. माझे जीवाला घोर लागलाय. आता काढाच.” पुन्हा ऑपरेशनची गोष्ट निघाली. डॉक्टर लेलेंनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं, पण जनाबाईंचा विश्वास बसेना. आणि आता सहस्रकाचा काही उपयोग नव्हता.

सिस्टरनी एक दिवस त्यांना बाजूला घेतलं. “जनाबाई, तुम्ही शहाण्या. धोंड्याच्या महिन्यात लग्न लावता का?”

“न्हाय.”

“मुंज?”

“न्हाय, काईच न्हाय.”

“मग पोर तरी तो महिना कसा मोजेल? गेल्या वर्षी मधे धोंडा होता. तो पोटातल्या बाळाला धरायचा नसतो. एक महिना वजा करा.”

जनाबाईंनी बोटं उघडली, एक मिटली आणि म्हणाल्या, “मंग बरोबर हाय.”

हे शास्त्र सिस्टरनी जागेवर तयार केलं होतं. वैद्यकात त्याला आधार नाही आणि पंचांगातही नाही. जनाबाईंनी ते घरी नेलं. पुढच्या आठवड्यात वळच्या दोन-तीन बायका आपापल्या सुनांचा धोंडा वजा करून आल्या, तेव्हा सिस्टरना सगळ्यांना आत बोलावून पुन्हा नीट समजवावं लागलं. इस्माईलभाईंना हे कळलं तेव्हा ते ओट्यावर मांडी थोपटून हसले. “वा! साल मोजताना एकेक वर्ष चोख पाहिजे, आणि महिना मोजताना अख्खा महिना गिळला!”

“बाळ सुखरूप आलं पाहिजे,” सिस्टर म्हणाल्या. “मग कॅलेंडरचं काय व्हायचं ते होऊ दे.”

एकोणतीस फेब्रुवारीच्या दुपारी आमच्या ठाण्याच्या कार्यालयात फोन आला. “आली,” सिस्टर म्हणाल्या. “मुलगी. आपली आपण आली. रडतेय, ऐका.” फोनमध्ये खरंच रडणं ऐकू येत होतं. मागे काशिनाथशेठांचा आवाज होता: “बाई, तुमी माझे नातीचा वाढदिवसच कापलात! चार वर्सांनी एकदा येनार आता!”

मुलीचं नाव युगा ठेवलं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर भिवंडीतल्या एका मंडळाने ‘सहस्रक कधी?’ असा परिसंवाद ठेवला. दोन हजारच्या बाजूने कॉलेजातले एक प्राध्यापक, दोन हजार एकच्या बाजूने राऊत सिस्टर. प्राध्यापक चांगलं बोलले. सन ही माणसांनी ठरवलेली गोष्ट आहे, एकोणीसचे वीस झाले की माणसाच्या मनाला नवं काही सुरू झालंसं वाटतं आणि सुरुवात मनातच होते, असा त्यांचा मुद्दा होता. सिस्टर उभ्या राहिल्या. हातात कागद नव्हता. “सर म्हणतात, लोकांना वाटतं तेव्हा सुरू होतं,” त्या म्हणाल्या. “लोकांना वाटतं म्हणून पोर होत नाही. एवढंच मला माहीत आहे.” आणि बसल्या. सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. प्राध्यापकही हसले.

परतताना मी त्यांच्याबरोबर रिक्षात होतो. तेव्हा त्या म्हणाल्या, “सरांचं बरोबर होतं हो.”

मी विचारलं, कशावरून?

“आकडा बदलला की माणसाला नवं वाटतं. वाटू दे की. त्यात काय चुकलं? मी त्या दिवसापर्यंत सहस्रकाचा विचारच केला नव्हता. तुमच्या पेपरात ती चौकट वाचली होती, तेवढी डोक्यात राहिली होती. मला फक्त ते पोर आत ठेवायचं होतं.” मग म्हणाल्या, “पण आता मागे फिरता येत नाही. मी मागे फिरले तर शेठ म्हणतील, बाईंनी गंडवलं. आणि जनाबाई पुन्हा बोटं मोजायला बसतील. म्हणून एक तारखेला तुम्ही यायचं.”

एक जानेवारी दोन हजार एक. मी संपादकांना आधी सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, “सहस्रक? ते गेल्या वर्षी छापलं ना आपण?” छायाचित्रकार मिळाला नाही. मी स्वतःचा साधा कॅमेरा घेऊन वळला गेलो.

काशिनाथशेठांनी अंगणात मंडप घातला होता. जमिनीवर रांगोळीने जाड रेघ काढली होती. रेघेच्या अलीकडे ‘२०००’ आणि पलीकडे ‘२००१’. सगळं गाव जमलं होतं. इस्माईलभाईही आले होते. सिस्टर पांढरी साडी नेसून, इतरांच्या आधी येऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती. मुलगी दहा महिन्यांची होती. या वयाची सगळी मुलं चालत नाहीत, हे त्यांच्याइतकं तिथे कोणालाच माहीत नव्हतं.

युगाला रेघेच्या अलीकडे उभं केलं. फ्रॉक इतका फुगीर होता की पाय दिसत नव्हते. सुनंदा पलीकडे बसून हात पुढे करून बोलावत होती. सिस्टरनी मुलीला एक बोट धरायला दिलं. मुलगी डुलली, एक पाय उचलला, रेघेवर ठेवला, रांगोळी विस्कटली आणि ती तिथेच बसली. मग रांगत आईकडे गेली.

“टाकलं!” शेठ ओरडले. “पाऊल टाकलं!”

“न्हाय टाकलं,” जनाबाई म्हणाल्या. “मधेच बसली.”

“शेठ, अर्धी या सहस्रकात, अर्धी त्या,” इस्माईलभाई म्हणाले. “आता हिला कुठली धरायची ते सिस्टरनाच विचारा.”

सिस्टर म्हणाल्या, “टाकलं. मी बोट धरलं होतं, मला कळलं.” मी फोटो काढला. तो चार दिवसांनी आतल्या पानावर, एका कॉलमात, ‘वळ येथे बालिकेचे कौतुक’ अशा मथळ्याखाली आला. शेठनी त्याची चौकट केली. चौकट फोटोच्या दसपट मोठी होती.

त्यानंतर माझी बदली झाली. सिस्टर निवृत्त झाल्याचं कळलं. त्या गावी जातील असं वाटलं होतं, पण त्या कामतघरातच राहिल्या. पालघरला रात्री फार शांत असतं, असं कारण त्यांनी दिल्याचं ऐकलं.

दोन हजार चार साली फेब्रुवारीला पुन्हा एकोणतीस तारीख आली आणि काशिनाथशेठांचं बोलावणं आलं. युगाचा पहिला खराखुरा वाढदिवस. शेठांचं नवीन गोदाम नुकतंच बांधून झालं होतं, भाडेकरू पुढच्या महिन्यात यायचा होता, म्हणून वाढदिवस त्या रिकाम्या गोदामातच ठेवला होता. एवढ्या मोठ्या जागेत दीड-दोनशे माणसंही एका कोपऱ्यात जमल्यासारखी दिसत होती. केकवर एक मेणबत्ती लावावी की चार, यावर आल्याआल्याच वाद सुरू झाला होता. युगाने पाय आपटून चार लावायला लावल्या. इस्माईलभाई म्हणाले, “आमचं चौदाशे पंचवीस आठवड्यापूर्वीच लागलंय, त्याची एक मेणबत्ती कोणी लावणार का?”

सिस्टर खुर्चीवर बसल्या होत्या. थकल्या होत्या, गुडघे दुखत होते. जनाबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. सुनंदाला पुन्हा दिवस गेले होते.

“बाई,” जनाबाई हळूच म्हणाल्या, “ह्या वर्सी पन धोंडा हाय. श्रावण दोन आलेत.”

“हो का?”

“हा. पन ह्या टायमाला मी न्हाय मोजीत. सुनेला विचारा. तिला म्हाईत हाय.”

सिस्टरनी त्यांच्याकडे बघितलं. जनाबाई समोर बघत होत्या. मग त्यांनी आपल्या ताटातला लाडू उचलून सिस्टरांच्या ताटात ठेवला आणि उठून पाहुण्यांकडे गेल्या.

जेवणं झाल्यावर मोठी माणसं बाहेर सावलीत बसली. मुलांना गोदाम सापडलं होतं. आत ओरडलं की आवाज पत्र्याला आपटून परत येतो, हे कळल्यावर त्यांनी कान किटवले होते. मी निरोप घ्यायला आत गेलो. सिस्टर अजून त्याच खुर्चीवर होत्या. बाकीची पोरं पळून गेली होती आणि गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला, एकटी, युगा उभी होती. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छाती भरून घेतली.

“सिस्टरआजीऽऽ!”

तो आवाज लांबत गेला, पत्र्यावरून फिरला आणि परत आला. मुलीने श्वास घेतला आणि पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्याने ओरडली. मी जातो म्हणालो. सिस्टरनी हाताने मला थांबायची खूण केली. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी ताट खाली ठेवलं, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभ्या राहिल्या, तोंडाशी हात नेले आणि रिकाम्या गोदामात जेवढ्या मोठ्याने ओरडता येईल तेवढ्या मोठ्याने त्या मुलीला ओ दिली.